पाणी ओसरल्यावर

तारुण्यांत ज्या वस्तूंची हांव असते, त्या विकत घेण्याइतके पैसे माणसाच्या हातीं बहुधा अशा वयांत येतात, कीं त्या वस्तूंशीं त्याच्या गुडघ्यांचें पटत नाहीं. माझी हांव एका दोन माणसांच्या मोटारीची होती. आपल्या कुटुंबव्यवस्थेला या वाहनाइतकी न मानवणारी वस्तु दुसरी नसेल. तींत सासूबाईंना जागा नाहीं, पाहुण्यांना नाहीं, मुलांनाही नाहीं. वरचें कापडी छप्पर पावसांत गळतें, आणि तें काढून ठेवलें तर उन्हांत डोकें तापतें. तरी पण १९७४-७५ च्या सुमारास मी सायकलवरून फर्ग्युसन रस्त्यानें कॉलेजला जात असें, तेव्हां एका बंगल्याच्या फाटकाआड गर्द हिरव्या रंगाची अशी एक एम. जी. उभी असे, आणि तिच्या तारांच्या चाकांवर सकाळचें ऊन पडलेलें पाहण्यासाठीं मी रोज त्या फाटकापाशीं सायकलची साखळी पडल्याचें निमित्त करीत असें. ती मोटार चालतांना मीं एकदांच पाहिली. पण प्रेमाला पुराव्याची फारशी जरूर लागत नाहीं.

पुढें नोकरी आली, लग्न आलें, परदेशगमन आलें. १९८६ सालीं मी न्यू जर्सींत येऊन स्थायिक झालों, आणि चार दारांच्या, राखी रंगाच्या, कोणाच्याही स्वप्नांत कधीं न येणाऱ्या मोटारी एकामागून एक वापरूं लागलों. २०१२ च्या शरदांत धाकटी मुलगी कॉलेजसाठीं घर सोडून गेली. रिकाम्या झालेल्या घरांत रात्रीं संगणकापुढें बसून जुन्या मोटारींचीं चित्रें पाहण्याचा मला नाद लागला. हा नाद दारूपेक्षां स्वस्त आहे, असें मी पत्नीला सांगत असें. हें विधान पुढें खोटें ठरलें.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतांत, इंटरनेटवरील एका लिलांवांत, ती मला दिसली. १९६७ सालची एम. जी. बी., तोच गर्द हिरवा रंग, तींच तारांचीं चाकें. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या पांच लाखांवर मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेंत आल्या. तेव्हां ती काही कौस्तुभमण्यासारखी दुर्मिळ वस्तु नव्हे. परंतु चांगल्या स्थितींतल्या मोटारीला जी किंमत पडते, तिच्या निम्म्यांत, म्हणजे साडेसात हजार डॉलरांत, ती मिळत होती. विकणारा दूरच्या, समुद्राचें तोंडही न पाहिलेल्या एका राज्यांतला होता. त्यानें खालीं लिहिलें होतें, 'कोरड्या गॅरेजमध्यें ठेवलेली; जशी आहे तशी.' या दोन वाक्यांपैकीं पहिलें मीं तीनदां वाचलें. दुसरें वाचलें कीं नाहीं, हें आज आठवत नाहीं.

"अहो," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "वांगें घेतांना सुद्धां तुम्ही त्याचा देंठ पाहतां, दाबून पाहतां, नाकाशीं धरतां, आणि हें एवढें धूड नुसत्या चित्रावरून घेणार?"

"वांग्याला कागदपत्रें नसतात," मीं उत्तर दिलें. "हिला आहेत."

आणि खरोखरच होतीं. तीं पाहूनच मी फसलों, म्हणून त्यांच्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत मोटारीच्या मालकीचें पत्र ज्या त्या राज्याचें सरकार देतें. मोटार पुरांत बुडाली, आणि विमा कंपनीनें ती निकामी ठरवून मालकाला भरपाई दिली, म्हणजे त्या पत्रावर तसा शिक्का बसतो. परंतु सर्व राज्यांचे शिक्के सारखे नाहींत. एका राज्यांतला शिक्का दुसऱ्या राज्यांत नवें पत्र काढतांना गळून पडावा, अशी युक्ति तिकडच्या कांहीं धंदेवाल्यांना चांगली अवगत आहे; या विधीला ते पत्र 'धुणें' असेंच म्हणतात. हा प्रकार थांबावा म्हणून १९९२ सालच्या एका कायद्यानें सर्व राज्यांची माहिती एकत्र करण्याची राष्ट्रीय व्यवस्था ठरली, आणि ती आज चालूही आहे. मोटारीचा सतरा अक्षरांचा क्रमांक द्यावा, आणि तिची पूर्वपीठिका पाहून घ्यावी. पण यांत दोन छिद्रें आहेत. ज्या मालकानें अशा नुकसानीचा विमाच उतरलेला नसतो, त्याची मोटार बुडाल्याची नोंद कोणीच करीत नाहीं. आणि जुन्या हौशी मोटारींचे मालक पुष्कळदां असेच असतात. दुसरें असें, कीं सतरा अक्षरांचा क्रमांक १९८१ सालापासूनच्या मोटारींना आहे. माझी मोटार त्याच्या चौदा वर्षें आधींची. तिचा क्रमांक तोकडा. मीं शोध केला, तेव्हां कांहींच सांपडलें नाहीं. कोरा कागद म्हणजे निष्कलंक चारित्र्य, असें मी समजलों. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच होता, कीं हिच्याविषयीं कोणीं कधीं कांहीं विचारलेलें नाहीं.

मोटार एका मालगाडीवर बसून आली. पहिले सहा आठवडे कसे गेले तें मी सांगत बसत नाहीं. ज्याला हौस आहे त्याला तें कळेल, आणि ज्याला नाहीं त्याला तें पोरकट वाटेल. डेलावेअर नदीच्या कांठानें आम्ही दोघें रविवारीं फिरावयास जात असूं. सौभाग्यवती डोक्याला रुमाल बांधून बसत, आणि आपल्याला हें सारें आवडत नाहीं असें दाखविण्याचा प्रयत्न करीत. मोटारींत लव्हेंडरचा मंद सुवास येत असे. पूर्वीचा मालक मोठा रसिक असला पाहिजे, असें मी म्हणालोंही.

जून महिन्यांत पहिला मोठा पाऊस झाला, आणि त्या सुवासाखालून दुसराच एक वास वर आला. ओल्या गोणपाटाचा, कुजलेल्या कागदाचा, बंद खोलीचा असा तो वास होता. विलक्षण गोष्ट अशी, कीं तो मला ओळखीचा वाटला. पण कोठला, हें कांहीं केल्या आठवेना. त्यानंतर विजेचे चाळे सुरू झाले. दिवे मंद होत. डावीकडे वळण्याची खूण केली कीं भोंगा वाजे. आणि एका मराठी नाट्यप्रयोगाच्या सभागृहापुढें तो जो सुरू झाला, तो पांच मिनिटें थांबेना. लोक हंसले, मीही हंसलों. वय झालेल्या सुंदरीचे लहरी स्वभाव, असें कांहींतरी मी त्या वेळीं बोललों असेन.

पण जुलैमधल्या एका संध्याकाळीं मीं ब्रेकवर पाय दिला, आणि तो पाय सरळ तळापर्यंत खालीं गेला. पुढें तांबड्या दिव्यापाशीं एक लहान मोटार उभी होती, आणि तिच्या मागच्या कांचेंतून एक मूल आमच्याकडे पाहत होतें. हातानें ओढावयाचा ब्रेक मीं दोन्ही हातांनीं ओढला. आमची मोटार वांकडी होऊन चार हातांवर थांबली. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याची घडी करून ती मांडीवर ठेवली. त्यानंतर त्या मोटारींत त्या पुन्हां बसल्या नाहींत.

गांवांत जुन्या इंग्रजी मोटारी दुरुस्त करणारा एक वृद्ध मेकॅनिक आहे. त्यानें प्रथम जो सतरंजीचा कोपरा उचलला, तो मीं कधीं उचलला नव्हता. सतरंजी नवी होती. तिच्याखालचें अस्तर मात्र जुनें आणि चिकट होतें. त्यानें दाराचें आंतलें पुठ्ठ्याचें आवरण काढलें. त्याच्या मागल्या बाजूस, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक तपकिरी रेघ आडवी गेली होती. त्यानें विजेची एक तार कापून दाखविली; तांब्यावर हिरवी भुकटी धरली होती. मग तो खालीं वांकला, आणि दाराखालच्या उंबरठ्याला त्यानें स्क्रू-ड्रायव्हर टेंकविला. जोर दिला असें मला दिसलें नाहीं. पण तें हत्यार हिरव्या रंगांतून, त्याखालच्या लांबीतून आणि त्याखालच्या गंजलेल्या पापुद्र्यांतून, भाकरींत बोट जावें तसें आंत गेलें. आणि तें बाहेर काढतांच त्या भोंकांतून बारीक वाळू जमिनीवर सांडूं लागली.

"ही मोटार समुद्रांत होती," तो म्हणाला.

या मोटारीला निराळा सांगाडा नसतो. पत्रा हाच तिचा सांगाडा. डोक्यावर छप्पर नसल्यामुळें सगळा भार दारांखालच्या पोकळ उंबरठ्यांवर येतो. ते कुजले, म्हणजे बाजूनें धक्का बसतांच मोटार पुस्तकासारखी मिटते. आणि त्या सालच्या मोटारीला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असतो. एके ठिकाणीं नळी गंजून फुटली, कीं चारही चाकें मोकळीं. हें सांगतांना त्यानें आवाज चढविला नाहीं. मग बसण्याच्या जागेखालच्या खांचेंतून त्यानें एक लहानसा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील बऱ्याच गांवांत उन्हाळ्यांत वाळवंटावर जावयाचें तर असा बिल्ला विकत घ्यावा लागतो, आणि त्यावर साल छापलेलें असतें. या बिल्ल्यावर २०१२ हें साल होतें. गांव माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे.

मग सर्व उलगडा झाला. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळीं, पौर्णिमेच्या भरतीबरोबर, सॅंडी नांवाचें वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. समुद्र घरांत शिरला, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत शिरला. न्यूअर्कच्या बंदरांत उभ्या असलेल्या सोळा कोऱ्या, महाग मोटारी खाऱ्या पाण्यानें विजेचे सांधे जोडले जाऊन पेटल्या आणि जळून खाक झाल्या. आमच्या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. आम्ही मेणबत्त्या लावून, वादळ गेलें म्हणून देवाचे आभार मानीत होतों. त्याच वेळीं, तासाभराच्या अंतरावर, कोणाच्या तरी गॅरेजमध्यें ही हिरवी मोटार गळ्यापर्यंत पाण्यांत उभी होती. नंतर ती कोणीं तरी मातीच्या मोलानें घेतली असेल, शेंकडों मैल दूर नेली असेल, धुतली, रंगविली आणि सुवासिक केली असेल. आणि मग मीं ती साडेसात हजार डॉलर देऊन पुन्हां तिच्या गांवाजवळ आणली.

पाणी ओसरलें म्हणजे पूर संपला, असें आपण समजतों. लोखंडाच्या दृष्टीनें तो तेव्हां सुरू होतो. नदीच्या गोड्या पाण्यांत थोडा वेळ राहिलेली मोटार सर्व सुटी करून, पुसून, वाळवून कदाचित् वांचवितां येते. परंतु समुद्राचें पाणी वाळलें तरी मीठ मागें राहतें. तें हवेंतला ओलावा ओढून घेतें, आणि पोकळ पत्र्यांत, जेथें फडकें पोंचत नाहीं आणि डोळाही पोंचत नाहीं, तेथें महिनोंमहिने आपलें काम करीत बसतें. यंत्राचीही तीच गत. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. म्हणून आंत पाणी असतां उतावळेपणानें यंत्र सुरू केलें, तर आंतले दांडे वांकतात, आणि तें वांकणें बाहेरून कोणाला दिसत नाहीं.

त्या रात्रीं मला तो वास कोठला हें आठवलें. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांतून शिरलें. मी त्या वेळीं चार वर्षांचा होतों. आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत होतें. पुराचें मला कांहीं आठवत नाहीं. आठवतो तो नंतरचा वास. गाळानें भरलेल्या खोल्या, वाळत घातलेल्या गाद्या, वडिलांच्या फुगलेल्या पुस्तकांचे ढीग. त्या दिवसांत पुरांतून निघालेल्या वस्तु रस्त्यारस्त्यावर स्वस्तांत मिळत. शेजारच्या काकूंनीं एक शिवण्याचें यंत्र घेतलें होतें. वरून तें आरशासारखें चकचकीत होतें. पण चार महिन्यांत तें अडून बसलें. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोणीं तशी वस्तु सुचविली, तर ते एवढेंच विचारीत, "पाण्यांत किती वेळ होती?" सांगणारा सांगे, "छे, तिला पाणी लागलेंच नाहीं." मग आण्णा ती घेत नसत. "अर्धा तास होती," असें कोणी म्हणाला, तर कदाचित् घेत.

आमचें स्वतःचें भिंतीवरचें घड्याळ दोन दिवस पाण्यांत होतें. एका घड्याळजीनें तें पुसून चालू करून दिलें. तें चालतें, पण पावसाळ्यांत मधूनच थांबतें. आण्णांनीं त्याच्या मागच्या फळीवर पेन्सिलीनें लिहून ठेवलें होतें, 'ता. १२ जुलै १९६१ रोजीं पाण्यांत बुडालें.' तें घड्याळ आज माझ्या न्यू जर्सीच्या घरांत आहे.

हें सर्व आठवूनही मीं पुढें जें केलें, तें सांगावयास मला लाज वाटते. विकणाऱ्यास मीं पत्र लिहिलें. त्याचें उत्तर सभ्य होतें: 'जशी आहे तशी' हे शब्द आपण वाचले असतीलच. वकिलानें जी फी सांगितली, ती ऐकून मीं तो विचार सोडला. मेकॅनिकनें ब्रेकची नळी बदलून दिली, पण ही मोटार रस्त्यावर नेऊं नका म्हणून बजावलें. उंबरठे नवे घालण्याचा खर्च मोटारीच्या किंमतीहून अधिक होता. मग मीं हिशेब केला. मीं कोणाला फसविलें नव्हतें. मला फसविलें गेलें होतें. तेव्हां तोटा माझ्याचकडे कां राहावा? मीं सतरंज्या धुतल्या. उंबरठ्याचें भोंक लांबीनें बुजवून त्यावर हिरवा रंग दिला. एक लव्हेंडरची बाटली आणली. आणि संगणकापुढें बसून मीं जाहिरात लिहिली: 'कोरड्या गॅरेजमध्यें ठेवलेली.' माझें गॅरेज कोरडें आहे. त्या वाक्यांत खोटा शब्द एकही नव्हता.

आठवड्याच्या आंत एक तरुण आणि त्याची वाग्दत्त वधू मोटार पाहावयास आलीं. त्याचे डोळे मला ओळखीचे वाटले. फाटकापाशीं सायकलची साखळी बसवीत उभ्या राहणाऱ्या मुलाचे ते डोळे होते. त्यानें सतरंजीचा कोपरा उचलला नाहीं. "चांगली संभाळलेली दिसते," तो म्हणाला. मीं म्हटलें, "माझ्याकडे आल्यापासून गॅरेजमध्येंच आहे." रविवारीं पैसे घेऊन येतों, असें सांगून तीं दोघें गेलीं.

रात्रीं जेवतांना सौभाग्यवतींनीं विचारलें, "त्या मुलीला त्यांनीं उजवीकडे बसवून पाहिली ना?"

"हो."

"त्या जागेवर त्या दिवशीं मी होतें," त्या म्हणाल्या, आणि भात वाढूं लागल्या.

जेवण झाल्यावर मीं भिंतीवरून घड्याळ खालीं काढलें. पेन्सिलीचीं अक्षरें पुसट झालीं आहेत. तरी वाचतां येतात. आण्णांना तें घड्याळ कोणाला विकावयाचें नव्हतें. घरांतल्या घरांत राहणाऱ्या वस्तूच्या पाठीवर, जेथें कोणी पाहत नाहीं अशा ठिकाणीं, त्यांनीं तें कां लिहिलें असेल, याचा मीं इतक्या वर्षांत कधीं विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या तरुणाला टेलिफोन करून सारें सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें आभार मानले. पण त्याच्या आवाजांत आभारापेक्षां राग अधिक होता. तो योग्यच होता, कारण दोन दिवसांपूर्वीं मी त्याच्याशीं काय बोललों होतों, हें तो विसरला नव्हता.

मोटार शेवटीं त्या मेकॅनिकनें सुटे भाग म्हणून चौदाशें डॉलरांना घेतली. गंजलेला सांगाडा त्यानें कापून मोडींत दिला, आणि कामाचे भाग पेटींत भरतांना माझ्या सांगण्यावरून प्रत्येक पेटीवर 'खाऱ्या पाण्यांतले' असें खडूनें लिहिलें. त्याला तें थोडें विचित्र वाटलें. पण त्यानें लिहिलें.

अशा मोटारींचा बाजार सॅंडीनंतर थांबला नाहीं. २०१७ सालीं ह्यूस्टनला, २०२२ सालीं फ्लॉरिडांत वादळें आलीं. त्या दुसऱ्या वादळांत तर एक लक्षावधि डॉलरांची पिवळी मॅक्लारेन गॅरेजमधून वाहून बाहेर आल्याचें चित्र जगभर गाजलें, आणि पुढें तीही लिलांवांत विकली गेली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईंतही हजारों मोटारी अशाच बुडाल्या होत्या. ज्याला हौस आहे त्यानें ती पुरवावी. मी कोणत्या तोंडानें नको म्हणूं? पण चित्र नेहमीं तिथलें काढलेलें असतें, जेथें फडकें पोंचतें. आपण पाहावयाचें तें जेथें पोंचत नाहीं तेथें: सतरंजीखालीं, दाराच्या आवरणामागें, दिव्याच्या कांचेच्या आंत, जागेखालच्या स्क्रूंच्या डोक्यांवर. स्वतः जाणें होत नसेल, तर दोनशें-तीनशें डॉलर देऊन जाणता माणूस पाठवावा. आणि ती मोटार आजवर कोणकोणत्या गांवीं राहिली, हें विचारावें. या प्रश्नाचें सरळ उत्तर जो देत नाहीं, त्याच्या कोऱ्या कागदांवर विसंबूं नये.

२०१२ चा तो बिल्ला मीं घड्याळाच्या पेटींत, लंबकाच्या खालीं ठेवला आहे. घरीं येणारीं माणसें कांचेंतून तो पाहतात आणि हें काय म्हणून विचारतात. मी त्यांना सगळें सांगतों. टेलिफोनच्या आधींचे ते दोन दिवस सुद्धां. तो भाग आला, कीं सौभाग्यवती चहा टाकण्यासाठीं आंत जातात.